जड पेटी



भातुकलीत आई होणारी मुलगी व काठीचा घोडा करणारा मुलगा कोणत्याही गावच्या अंगणात आढळतात. अशा सोंगाला नियमांची जोड मिळाली म्हणजे काय घडते, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा या लहानशा गावी १९७२ साली दिसून आले.

तेथे गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ राहत. मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नेसन यांनी त्यांना एक नवा खेळ दाखविला होता. त्यात प्रत्येक खेळाडूने एका कल्पित वीराची भूमिका घ्यावयाची व त्याच्या वतीने निर्णय करावयाचे. गायगॅक्स यांनी त्याचे नियम लिहावयास घेतले आणि पहिला प्रयोग घरीच केला. खेळाडू दोनच: त्यांची मुले अर्नी व एलीस.

पडक्या किल्ल्याखालच्या भुयारात काय दिसते एवढेच वडिलांनी सांगावयाचे आणि थांबावयाचे. पुढे काय करावयाचे ते मुलांनी ठरवावे. घाव लागला की चुकला, याचा निकाल फाशाकडे. मुलांना काही घातक जीव भेटले. मग एक पेटी सापडली. आत ३,००० नाणी! परंतु ती निघाली तांब्याची, आणि पेटी काही उचलेना. मुले हिरमुसली. नाण्यांचे मोल किती, वजन किती, अंगावर ओझे किती पेलेल, हे गणित कोणी फळ्यावर मांडले नव्हते. तरी ते त्यांच्यापुढे येऊन ठाकले. मुलांची समजूत पडावी म्हणून वडिलांनी पेटी हलकी केली नाही, ही गोष्ट लहान नव्हे. उत्तर जिभेवर असून गप्प राहणे किती कठीण, हे वर्गावर उभे राहणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

हा खेळ १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तीन पुस्तिकांत प्रसिद्ध झाला. पहिल्या छपाईचे संच अवघे १,००० होते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही पालकांनी त्यास कडवा विरोध केला. सोंग व सत्य यांतील भेद मुलांना कळत नाही, ही मोठ्यांची शंका जुनीच आहे. भातुकलीतला वाळूचा भात कोणते शहाणे मूल गिळते?

त्या पहिल्या रात्री खेळ आटोपून मुले निजावयास गेली. गायगॅक्स मात्र लगेच कागद पुढे ओढून भुयाराचा दुसरा मजला आखू लागले.