दोन विषाणू, एक शरीर आणि दोन खाती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



एड्सचा विषाणू आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणारा विषाणू यांची ओळख जवळजवळ एकाच वेळी पटली, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतानिए यांनी एचआयव्ही वेगळा केला. त्याच वर्षी जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणुकुलातील सोळाव्या क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दाखवून दिला. २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून देण्यात आले. शास्त्राने या दोन विषाणूंना असे एका व्यासपीठावर आणले. शासनव्यवस्थेने मात्र त्यांना दोन कार्यक्रमांत, दोन अंदाजपत्रकांत आणि पुष्कळदा रुग्णालयाच्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवले आहे. या वाटणीची किंमत कोण चुकवते, हा आजचा विषय आहे.

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांचा संसर्ग इतका सर्वसामान्य आहे की, लैंगिक जीवन जगणाऱ्या बहुसंख्य स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा होतोच. बहुतेकांचे शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकून लावते. थोड्यांच्या बाबतीत तो ठाण मांडून बसतो आणि गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बिघडू लागतात. सोळा आणि अठरा क्रमांकांचे दोनच प्रकार या कर्करोगाच्या सुमारे सत्तर टक्के रोगिणींच्या मुळाशी असतात. निरोगी स्त्रीमध्ये या बिघाडापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास पंधरा ते वीस वर्षांचा असतो. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खिळखिळी केलेली असेल आणि त्यावर उपचार झाले नसतील, तर तोच प्रवास पाच ते दहा वर्षांत पुरा होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला हा कर्करोग होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या सहापट असतो.

एचपीव्हीचे इतर परिणामही आहेत. जननेंद्रियांवरील चामखिळी, घशाचा कर्करोग, आणि विशेषतः एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांमध्ये गुदद्वाराचा कर्करोग. कर्करोगापूर्वीच्या अवस्थेत उपचार केल्यास गुदद्वाराच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, हे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने २०२२ मध्ये दाखवले. परंतु संख्येच्या आणि अन्यायाच्याही दृष्टीने भारतापुढचा मोठा प्रश्न गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आहे.

अन्याय हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. एड्सचे निदान कशावरून करावे याची अमेरिकेतील मूळ यादी प्रामुख्याने पुरुष रोग्यांमध्ये दिसलेल्या व्याधींवरून तयार झाली होती. त्या देशातील सामाजिक सुरक्षेचा अपंगत्वभत्ता या निदानाशी बांधलेला होता. परिणामी एचआयव्ही असलेली, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने खंगत चाललेली गरीब स्त्री सरकारी व्याख्येनुसार एड्सची रोगी ठरत नसे, आणि तिला भत्ताही मिळत नसे. १९९० मध्ये न्यूयॉर्कमधील अशा गरीब रुग्णांच्या वतीने सरकारवर खटला गुदरण्यात आला. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रासमोर स्त्रियांनी निदर्शने केली. त्यांत कॅट्रिना हॅस्लिप ही स्त्री होती. तिने तुरुंगात असतानाच एचआयव्हीबाधित कैदी स्त्रियांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला होता. १ जानेवारी १९९३ पासून आक्रमक गर्भाशयमुख कर्करोगाचा समावेश एड्सच्या व्याख्येत झाला. हॅस्लिप त्यापूर्वी जेमतेम महिनाभर, डिसेंबर १९९२ मध्ये मरण पावली. मोजणी कोणाची करायची हे ठरवणाराच हक्क कोणाला द्यायचा हेही ठरवतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा धडा दारिद्र्यरेषेच्या वादातून ठाऊक असतो. येथे तोच धडा कर्करोगाच्या रूपाने भेटतो.

आता भारताकडे वळू. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार या देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मरतात. जगातील अशा दर चार ते पाच मृत्यूंपैकी एक भारतातला आहे. आणि हा रोग अचानक गाठणाऱ्यांपैकी नव्हे. तो वर्षानुवर्षे सूचना देत येतो. ती सूचना वाचणारे कोणी हवे, एवढेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के आढळल्या. शंभरात दोनसुद्धा नव्हेत.

ज्ञान नव्हते म्हणून असे झाले, असे कोणी म्हणू शकणार नाही, कारण हे ज्ञान महाराष्ट्राच्याच मातीत तयार झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर एक अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटातील स्त्रियांची एचपीव्हीची चाचणी आयुष्यात फक्त एकदा झाली, त्या सुमारे ३४ हजारांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्यांना नेहमीचीच, म्हणजे जवळजवळ कोणतीच तपासणी मिळाली नाही, त्या सुमारे ३१ हजारांच्या गटात ६४. तुलनेसाठी असा गट ठेवणे नैतिक होते काय, यावर पुढे बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु त्याहून मोठा प्रश्न असा की, त्या ६४ स्त्रियांच्या मृत्यूतून जे कळले त्याचा उपयोग जगाने केला आणि भारताच्या खेड्यांनी केला नाही. मुंबईच्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांना चार आठवडे प्रशिक्षण देऊन, गर्भाशयमुखाला सौम्य व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची साधी पद्धत राबवली गेली. त्यामुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. डॉक्टरांची टंचाई ही सबब त्या दिवशीच संपावयास हवी होती.

तपासणी नाही म्हणजे कर्करोगाचे भय नाही, असे मात्र नाही. भय आहे, आणि ते विकलेही जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून जाते, पोट दुखते, एवढी तक्रार घेऊन गेलेल्या कित्येकींना कर्करोगाचा धाक घालून शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्यात आले, अशा हकीकती पुढे आल्या. जेथे सरकारची साधी तपासणी पोहोचत नाही, तेथे खाजगी सुरी पोहोचते. कर्ज मुकादमाच्या उचलीतून फिटते.

या पार्श्वभूमीवर एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीचे स्थान पाहावे. तिच्या बाबतीत सरकारने एक मोठे काम केले आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १ एप्रिल २००४ पासून भारतात एचआयव्हीवरील औषधे मोफत मिळू लागली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. त्या औषधांनी लाखो माणसे जगली. पण सुरुवातीची कित्येक वर्षे प्रतिकारशक्ती बरीच ढासळल्याखेरीज औषध सुरू करण्याची पद्धत नव्हती. निदान होताच औषध, हे धोरण २०१७ मध्ये आले. म्हणजे २००४ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिशीत किंवा त्याच्याही आत असलेली, बहुधा नवऱ्याकडून संसर्ग मिळालेली आणि पुष्कळदा त्याच्या मृत्यूनंतरच निदान झालेली जी स्त्री केंद्रात आली, तिच्या शरीराने दुबळेपणाचा दीर्घ काळ आधीच सोसलेला आहे. ती आज चाळिशी-पन्नाशीत आहे. औषधांनी तिला एचआयव्हीपासून वाचवले, आणि कर्करोग होण्याइतके आयुष्यही दिले.

ही स्त्री सरकारला सापडत नाही असे नव्हे. तिचे नाव नोंदवहीत आहे, औषधासाठी ती ठरल्या तारखेला येते. आरोग्यव्यवस्थेच्या संपर्कात इतक्या नियमाने राहणारी दुसरी गरीब स्त्री शोधून सापडायची नाही. काही केंद्रांत तपासणीची सोय आहे. पण जेथे नुसती चिठ्ठी देऊन स्त्रीरोग विभागात जाण्यास सांगितले जाते, तेथे काय घडते ते खेड्यातून एस. टी.ने आलेल्या बाईच्या हिशेबाने पाहावे. तो विभाग दुसऱ्या इमारतीत. रांग संपेपर्यंत वेळ टळलेली. पुन्हा यायचे तर आणखी एक मजुरी बुडणार, आणखी एक भाडे जाणार, आणि तेथील परिचारिकेपुढे आपला आजार नव्याने उघड करावा लागणार. तिच्या लेखी ही ‘मोफत’ तपासणी सर्वांत महाग असते. तीच तपासणी औषधाच्या दिवशी, त्याच खोलीशेजारी पडद्याआड झाली, तर सरकारचा जादा खर्च अल्प आणि तिचा शून्य. आता तर एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतःलाही घेता येतो.

हे स्वप्नरंजन नव्हे. झांबियासारख्या भारताहून गरीब देशाने २००६ पासून लुसाका शहरात एचआयव्हीच्या कार्यक्रमाला जोडून ही तपासणी सुरू केली. परिचारिकांनी पाहायचे आणि शक्य तर त्याच भेटीत बिघडलेला भाग गोठवून नष्ट करायचा, अशी ती पद्धत. २०१३ पर्यंत तेथे लाखभर स्त्रियांची तपासणी झाली. त्यात एक कच्चा दुवा होता, तोही सांगितला पाहिजे: पैसा बव्हंशी अमेरिकेचा होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली, तेव्हा आफ्रिकेतील अशा सर्व कार्यक्रमांचा पाया हादरला. भारताचा एचआयव्ही कार्यक्रम मुख्यतः स्वतःच्या तिजोरीतून चालतो; त्यामुळे येथे ती सबब नाही.

लसीविषयी थोडे. पुण्याच्या सीरम संस्थेच्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, आणि मुलींना लस देण्यास उत्तेजन देण्याची घोषणा २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली. लस स्वागतार्ह आहे. पण ती आधीच जडलेला संसर्ग बरा करीत नाही. आज चाळिशीत असलेल्या स्त्रीला तिचा उपयोग फारसा नाही. दुसरे असे की, सर्वसाधारण मुलींना एक मात्राही पुरते असे जागतिक आरोग्य संघटना मानते. एचआयव्ही असलेल्या मुलींना मात्र किमान दोन, शक्य तर तीन मात्रा द्याव्यात असे तीच सांगते. काटकसरीच्या धोरणात हा अपवाद गळून पडण्याची भीती असते, कारण या मुली थोड्या आहेत आणि त्यांच्या वतीने बोलणारे त्याहून थोडे.

कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे एक नेमके काम आहे. एचआयव्हीबाधितांची ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातलेले आहे, म्हणून कोणाही स्त्रीचे नाव विचारू नये, वस्तीत चौकशी करू नये. विचारायचे ते जिल्ह्याच्या कार्यालयाला, माहिती अधिकाराच्या अर्जाने, आणि केवळ आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार एचआयव्ही असलेल्या स्त्रीची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी व्हावयास हवी. तेव्हा प्रश्न असे: जिल्ह्यातील एआरटी केंद्रांत पंचवीस वर्षांवरील किती स्त्रिया नोंदलेल्या आहेत, गेल्या पाच वर्षांत त्यांपैकी कितींच्या गर्भाशयमुखाची तपासणी झाली, ती केंद्रातच झाली की अन्यत्र पाठवून, दोष आढळलेल्यांपैकी कितींवर प्रत्यक्ष उपचार झाले, आणि उपचारानंतर वर्षभराने कितींना पुन्हा तपासले. जेथे अशी नोंदच ठेवली जात नाही असे लेखी उत्तर येईल, तेथे ते उत्तर घेऊन जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीच्या पुढच्या बैठकीला जावे.