आजीसाठी का रे, बापू?

हेडफोन लावून ऐकत असाल तर बरं, कारण आजचा विषय घरात मोठ्यानं वाजवायला जरा अवघड आहे. विषय आहे डायपर. बाळाचा नाही, माझा.

मी २८ वर्षांचा, कनेरगाव नाक्याहून वर्क फ्रॉम होम करणारा माणूस. बाईकवरून पडलो, कमरेच्या मणक्याला मार लागला. तिथं खाली नसांचा एक झुबका असतो, डॉक्टर त्याला कॉडा इक्वायना म्हणतात, म्हणजे घोड्याची शेपटी. पायांच्या वायरी बऱ्यापैकी परत चालू झाल्या. मूत्राशयाच्या नाही. लघवी कधी गळेल सांगता येत नाही.

डॉक्टरांनी डायपर सुचवला. मी मान हलवली आणि घरी येऊन भलताच जुगाड केला. पाणीच बंद. एसटीनं हिंगोलीला जायचं असलं की सकाळपासून घोटभरसुद्धा नाही. मे महिन्यात, आपल्या मराठवाड्यात! लघवी घट्ट झाली, मूत्राशय अजून चिडलं, वर इन्फेक्शन आणि ताप. एक बग काढायला गेलो आणि तीन नवे घातले.

शेवटी मेडिकलवर गेलो. काकांनी पाकीट कागदात गुंडाळत विचारलं, "आजीसाठी का रे, बापू?"

"हो काका, आजीसाठी."

तीन महिने हेच. साईझ लार्ज, आणि आमची आजी चिपाडासारखी.

चालताना होणारी सरसर अख्ख्या नाक्याला ऐकू जातेय असं वाटायचं. एका रात्री गुगलवर अ‍ॅलन शेपर्ड सापडला. ५ मे १९६१, अंतराळात गेलेला पहिला अमेरिकन. उड्डाण पंधरा मिनिटांचं, म्हणून लघवीची सोयच नव्हती. उड्डाण रेंगाळलं आणि गड्याला सूटमध्येच करावी लागली. पुढं स्पेसवॉकवाले डायपर घालायला लागले. वाचून बरं वाटलं, पण दहाच मिनिटं. शेपर्डला मेडिकलवाले काका नव्हते.

मग एक दिवस आजी स्वतःच गुडघ्याची गोळी आणायला गेली. काकांनी विचारलं, "आजी, लघवीचा त्रास कसाय आता?" ती घरी आली, काठी टेकवली, माझ्याकडं बघत राहिली. मी मेलोच. ती हळूच म्हणाली, "तुला कोनं सांगितलं रे?"

मला आधी कळलंच नाही. चौथ्या बाळंतपणापासून तिला खोकलं, हसलं की गळायचं. जुन्या लुगड्याच्या घड्या लावून तिनं चाळीसेक वर्षं काढली होती. आजोबांनाही सांगितलं नव्हतं. लग्नाकार्याला जाणं तिनं का सोडलं, ते मला त्या दिवशी समजलं. मग मी माझं सांगितलं. आईला माहीत होतं, पण आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

तिला डॉक्टरांकडं नेलं. तिच्या प्रकाराला व्यायाम आहे. अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ मध्ये मांडलेला. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे आणि सोडायचे. माझं वेगळं. माझ्यात लघवीनंतर आत किती उरते ते सोनोग्राफीत बघावं लागतं, साठून राहिली तर किडनीवर येतं. म्हणून नुसता डायपर बांधून गप्प बसू नका, आधी दाखवा.

आता मी पाणी पितो. एसटीतसुद्धा.

परवा काकांनी पुन्हा विचारलं, "आजीसाठी का रे?" म्हटलं, "लार्ज माझं काका, आजीला पॅड द्या." त्यांनी दोन्ही कागदात गुंडाळलं. कागद नको, असं म्हणणार होतो. ते अजून जमलेलं नाही.