अत्तार : आडनाव एक, धर्म दोन



सांगली, सोलापूर, कोल्हापूरकडच्या मंडळींना अत्तार हे आडनाव सांगायला नको. शाळेच्या हजेरीपटात, बाजारपेठेत, सरकारी कचेरीत कुणी ना कुणी अत्तार भेटतातच. ते मुसलमान असणार हे आपण धरून चालतो, आणि आपल्याकडे ते खरंही आहे. पण हाईम इब्न अत्तार हे ज्यू धर्मगुरू होते. १६९६ साली मोरोक्कोतल्या सले गावी त्यांचा जन्म झाला आणि १७४३ साली जेरुसलेममध्ये ते वारले. तोराह या ज्यूंच्या धर्मग्रंथावरचं त्यांचं भाष्य धार्मिक ज्यू घरांत आजही श्रद्धेनं वाचलं जातं.

हे आडनाव धंद्यावरून पडलं. अत्तार म्हणजे नुसता अत्तरं विकणारा नव्हे. अरबी मुलखातल्या अत्ताराकडे मसाले, गुलाबपाणी, धूप, जडीबुटी, हकिमानं लिहून दिलेली औषधं, सगळं एका छपराखाली मिळे. आपल्याकडे गंध आणि सुगंधी माल विकणारे ते गांधी झाले. मग त्यांत हिंदू आले, जैन आले, पारशीही आले. तसंच या आडनावाचं.

मोरोक्कोतल्याच फेज शहरात अत्तारांच्या बाजाराला लागून चौदाव्या शतकात मदरसा उभा राहिला, तो अत्तारीन मदरसा याच नावानं आजही ओळखला जातो. फारसीतले थोर सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार इराणातल्या निशापूरचे. औषधविक्री हाच त्यांचा व्यवसाय असल्याचं सांगतात. कैरोत एकोणिसाव्या शतकात हसन अल-अत्तार हे अल-अजहर या विद्यापीठाचे प्रमुख झाले.

आणि त्याच कैरोत, १२६० च्या सुमाराला, अबुल मुना नावाचा एक औषधविक्या होता. त्याचं पूर्ण नाव मला फार मोलाचं वाटतं : अल-कोहीन अल-अत्तार. कोहीन म्हणजे कोहेन, ज्यूंच्या पुरोहित घराण्याची खूण. अत्तार ही त्याच्या धंद्याची खूण. त्यानं आपल्या मुलासाठी अरबीत एक ग्रंथ लिहिला, ‘मिन्हाज अद्-दुक्कान’. औषधं कशी निवडावी, कशी कुटावी, कशी टिकवावी, आणि मुख्य म्हणजे हा धंदा करणाऱ्यानं सचोटीनं कसं वागावं, हे सारं त्यात आहे. मुसलमान औषधविक्यांनी हा ग्रंथ पुढं कित्येक शतकं वापरला. औषध घेणाऱ्याचा विश्वास माल पारखून देणाऱ्यावर असतो, तिथं धर्म आड आला नाही, याचं मला फार समाधान वाटतं.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर उत्तर आफ्रिकेतले बहुतेक ज्यू इस्रायलला आणि फ्रान्सला गेले. त्यांच्याबरोबर हे नावही गेलं. तिथं ते अत्तार, बेनअत्तार, बेनातार अशा रूपांत आढळतं. बेन म्हणजे पुत्र, म्हणून बेनअत्तार म्हणजे अत्ताराचा मुलगा. मुसलमानांत हे नाव मोरोक्कोपासून सीरिया, इराक, इराण ते थेट आपल्या माणदेशापर्यंत पसरलेलं आहे.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू मंडळींची आडनावं मात्र वेगळ्या वाटेनं आली. पेणकर, रोहेकर, चेऊलकर ही नावं त्यांनी गावावरून घेतली. गावाला ‘कर’ जोडण्याची ही रीत कोकणी मुसलमानांचीही, आणि त्यांच्या हिंदू शेजाऱ्यांचीही.