मुरूम लागेपर्यंत



घराला एखादी खोली वाढवायची म्हटली की चर्चा सुरू होते ती फरशीच्या रंगावरून. खिडकी कुठे, कपाट कुठे, यात आठवडा जातो. जमिनीखाली काय करायचे ते मात्र मिस्त्रीवर सोपवून आपण मोकळे होतो. मीही त्यातलाच. कवितेचे चरण मोजण्यात आयुष्य गेले, घराचे चरण कधी पाहिले नव्हते.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या घराला १९९६च्या उन्हाळ्यात अब्बांनी एक खोली जोडली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे यांखाली माणसे कशी गाडली गेली, ते आमच्या भागाने पाहिले होते. ‘कॉलमचेच बांधा’ असे जो तो सांगे. अब्बांनी कॉलम घेतले. पण कॉलम ज्यावर उभा राहतो ते फूटिंग साडेतीन फुटांवर, काळ्या मातीतच बसवले. शिवाय नव्या भिंतीच्या विटा जुन्या भिंतीत दात काढून गुंतवल्या.

वर्षभरातच दोन्ही भिंतींच्या सांध्यात फट पडली. खिडकीच्या कोपऱ्यातून दुसरी तिरपी निघाली. अब्बा दरवर्षी पावसाळा सरला की घमेल्यात थोडे सिमेंट कालवून ती बुजवायचे. उन्हाळ्यात ती पुन्हा उघडायची.

आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आक्रसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात जातो, हे आपण लहानपणापासून पाहतो. तीच माती भिंतीखालीही आहे, हे विसरतो. त्यात जुने घर आपल्या वजनाने जेवढे बसायचे तेवढे बसून गेलेले असते. नवे बांधकाम अजून बसायचे असते. एक थांबलेला आणि एक चालणारा अशा दोघांना एकमेकांना बांधले, तर मधला सांधा तुटणारच.

२०२२च्या जानेवारीत दुसऱ्या बाजूला खोली काढायची वेळ आली. अम्मीचे गुडघे गेलेले, न्हाणीघर अंगणाच्या टोकाला. तिच्यासाठी खोली आणि लागून न्हाणीघर, एवढेच काम. या वेळी एका इंजिनिअरला बोलावले. त्यांनी आधी जुनी फट पाहिली आणि तिच्यावर आडवी काचेची बारीक पट्टी सिमेंटने चिकटवली. म्हणाले, “काच फुटली तर समजा, फट जिवंत आहे.”

खोदाई सुरू झाली. चार फूट झाले, काळी मातीच. पाच झाले, तरी तीच. मिस्त्री म्हणाले, “सर, मुरूम लागंना अजून. हितंच दगड टाकून दाबून घ्यावं का?” खोदाईची मजुरी वाढत होती, कॉलमची सळई वाढणार होती. माझ्या हिशेबाच्या वहीत जागा उरली नव्हती. मी अंगणात खाटेवर बसलेल्या अम्मीकडे पाहिले.

ती म्हणाली, “तुझ्या अब्बांनाही मिस्त्रीने खोल जायला सांगितलं होतं. पण त्या साली तुझं पुस्तक छापायचं होतं ना.”

माझा पहिला कवितासंग्रह. छपाईचे पैसे अब्बांनी दिले होते, ते कुठून आले हे मी विचारले नव्हते. पंचवीस वर्षे त्या फटीवरून मी त्यांच्या काटकसरीची थट्टा करत आलो होतो.

मिस्त्रींना म्हटले, “खणा.” साडेसहा फुटांवर पिवळट, कडक मुरूम लागला. पहारीचा आवाज बदलला, तो वरही ऐकू आला. (माती याहून फारच खोल असेल तर मुळात पायाचा प्रकारच बदलावा लागतो, ते इंजिनिअरनेच ठरवायचे.)

जुन्या घराच्या पायापेक्षा आम्ही खोल गेलो होतो. त्यामुळे त्या बाजूचे खड्डे एकदम उघडले नाहीत. एक खणायचा, भरायचा, मगच पुढचा. नाहीतर नवे करता करता जुने खचते. तळाला चार इंच साधे काँक्रीट, त्यावर सळईची जाळी, जाळीखाली दोन इंचांचे कव्हर ब्लॉक. सळई मातीला टेकली की गंजते. काँक्रीटला एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. पाण्यावरून मात्र माझे आणि मिस्त्रींचे वाजले. पातळ माल घमेल्यातून सहज ओतला जातो, म्हणून बिगारी पाणी वाढवतात, आणि तिथेच ताकद जाते. पन्नास किलोच्या गोणीला तीस लिटरच्या वर पाणी नको. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. नंतर मात्र हात आखडता घेऊ नये. दहा-बारा दिवस बारदान टाकून मी स्वतः पाणी मारले.

पहिले घमेले पडण्याआधी मिस्त्रींनी नारळ फोडला, अम्मीने बिस्मिल्ला म्हटले. खोबरे सगळ्यांनी खाल्ले.

नव्या आणि जुन्या भिंतीत एक इंच अंतर ठेवले, मध्ये थर्माकोल घातले, वरून पाणी जाऊ नये म्हणून झाकले. अम्मीला ते पटेना. “एकाच घरातल्या भिंती, आणि मध्ये जागा?” म्हणून ती बरेच दिवस कुरकुरत होती. आता तिथे तिची जपमाळ टांगायचा खिळा आहे. तो जुन्या भिंतीत मारला आहे, हे ती आवर्जून सांगते.

नव्या खोलीला अजून तडा नाही. अब्बांच्या खोलीवरची काच मात्र त्याच पावसाळ्यात मधोमध फुटली. मग त्या भिंतीलगत बाहेरून तीन फूट उताराची फरशी केली, न्हाणीचे पाणी आणि छपराची पन्हळ दूर वळवली, आणि फटीवर नवी काच लावली. ती अजून शाबूत आहे. दर पावसाळ्यानंतर मी बॅटरी घेऊन बघायला जातो. फट मी अजून बुजवलेली नाही.