दोन नळ्यांची जोड

थंडी पडू लागली, भिगवणच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरले की मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. "आता जरा चांगली दुर्बीण घ्यायची आहे, कोणती घेऊ?" विचारणाऱ्याची ऐपत दोन लाखांच्या दुर्बिणीची नसते, आणि हातातल्या पाच हजारांच्या दुर्बिणीला तो विटलेला असतो. त्याला मधलं काहीतरी हवं असतं. मधलं म्हणजे साधारण पंचवीस ते साठ हजारांमधलं. या पट्ट्यात आता झाइससारखी मोठी नावंही मिळतात, आणि ते नाव नळीवर दिसलं की माणूस निर्धास्त होतो. मला काळजी वाटते ती याच निर्धास्तपणाची.

८×४२ म्हणजे काय, ८ पट घ्यावी की १० पट, हे आज सांगत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. मला मिळालेल्या मिनिटांत एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आधीच सांगून टाकते. दुर्बिणीच्या दोन नळ्या एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत की नाहीत, हे जो नग तुम्ही घरी नेणार त्याच नगात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मॉडेल चांगलं आहे एवढ्यावर भागत नाही. तुमचा नग चांगला हवा.

ही मोठी नावं मोठी झाली ती उगाच नाही. झाइसच्या येना गावातल्या कारखान्यातून प्रिझमच्या दुर्बिणी १८९४ मध्ये बाहेर पडल्या. काचेवर अगदी पातळ थर देऊन चकाकी कमी करण्याची युक्ती तिथल्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढली. आजच्या सरळ नळ्यांच्या, म्हणजे रूफ प्रिझमच्या दुर्बिणीत एक खोट होती. प्रकाश आत दुभागून पुन्हा एकत्र येताना चित्राचा रेखीवपणा थोडा कमी व्हायचा. त्यावरचा फेज कोटिंगचा इलाज १९८८ मध्ये झाइसनेच आणला. त्या काळी ही चैन होती. आज मधल्या किमतीतच काय, त्याखालच्या कितीतरी दुर्बिणींतही फेज कोटिंग असतं. कडेची रंगीत झाक कमी करणाऱ्या ईडी काचेचं तेच झालं. आत नायट्रोजन भरून नळ्या हवाबंद करणंही आता नवलाचं राहिलेलं नाही.

म्हणजे काच आवाक्यात आली, थर आवाक्यात आले. आवाक्यात आला नाही तो एका माणसाचा वेळ. यंत्रासमोर बसून दोन नळ्या जुळवणारा, जुळत नसतील तर तो नग बाजूला काढून ठेवणारा, पुन्हा उघडून भिंगाभोवतीची कडी केसभर फिरवणारा जो माणूस असतो ना, त्याचा वेळ. माझं स्पष्ट मत आहे की मधल्या किमतीची काटकसर सगळ्यात आधी तिथे होते. लाखांच्या दुर्बिणीत तुम्ही ज्यासाठी पैसे मोजता त्यातला मोठा भाग याच खात्रीचा असतो, की दहावा नग पहिल्यासारखाच असेल. मधल्या किमतीत ती खात्री पातळ होते. एकाच मॉडेलचे दोन डबे शेजारी शेजारी उघडले तर एक सुरेख निघतो आणि दुसरा डोकं दुखवतो.

इथे लोक लगेच म्हणतात, "मग ती चीनमध्ये बनलेली असणार." हे बोलणं मला पटत नाही. झाइसची टेरा ईडी चीनमध्ये बनते, निकॉनच्या मोनार्कमधले एम-५ आणि एम-७ चीनमध्येच बनतात आणि त्याच घराण्यातली महागडी मोनार्क एचजी जपानमध्ये. लायकाचा पोर्तुगालमधला कारखाना १९७३ पासून चालू आहे, आणि तिथून आलेल्या दुर्बिणीबद्दल कुणी नाक मुरडलेलं मी ऐकलेलं नाही. स्वारोव्स्कीने निराळी वाट धरली. २०११ मध्ये सीएल कम्पॅनियन काढली ती आपल्याच ऑस्ट्रियातल्या कारखान्यात, पण लहान, ३० मिलिमीटर भिंगाची. देश कोणता यावर काही ठरत नाही. किती चूक चालवून घ्यायची हे कंपनीने कुठे ठरवलं आणि तपासणाऱ्याने किती नग परत पाठवले, यावर ठरतं. ते डब्यावर लिहिलेलं नसतं. ते कळतं फक्त डोळ्याला.

बैलबाजारात शेतकरी कसा वागतो ते आठवून पाहा. माणदेशी खिल्लाराचं नाव केवढं! पण नुसतं नाव ऐकून कुणी कासरा हातात घेत नाही. दात बघतो, खूर बघतो, पाठीवरून हात फिरवतो. दोन्ही बैल एकेकटे अव्वल निघाले तरी एवढ्यावर सौदा होत नाही. जोड म्हणून घ्यायचे तर जुवाखाली धरून चार पावलं चालवून बघतो. एक उंच आणि एक बुटका असेल तर जू तिरपं बसतं. एक तरतर चालणारा आणि दुसरा मागे रेंगाळणारा असेल तर तास वाकडं जातं. आणि त्याचा त्रास बैलांपेक्षा जास्त कुणाला होतो? मागे औत धरून चालणाऱ्याला. तो मनगटं आवळून तास सरळ ठेवत राहतो, आणि दुपारपर्यंत त्याचे खांदे भरून येतात.

दुर्बिणीच्या दोन नळ्या म्हणजे ही जोड. मधली बिजागरी म्हणजे जू. आणि औत धरणारा म्हणजे तुमचा मेंदू, तुमच्या डोळ्यांचे स्नायू. नळ्या किंचित फाकलेल्या असल्या, एक अंमळ वर आणि एक खाली पाहत असली, तरी दुकानातल्या पाच मिनिटांत तुम्हाला काही कळत नाही, कारण मेंदू ओढून ताणून दोन चित्रांचं एक करतो. मग तुम्ही पाण्याच्या काठावर तीन तास चिखल्या आणि तुतवार ओळखत बसता आणि कपाळ ठणकायला लागतं. आपले डोळे आतल्या बाजूला वळायला सरावलेले असतात, वाचताना आपण तेच करतो. पण एक डोळा वर आणि एक खाली, असं वळणं त्यांना जमत नाही. बाहेरच्या बाजूलाही ते फार वळू शकत नाहीत. म्हणून उभी चूक अगदी थोडी असली तरी छळते. आणि १० पटीच्या दुर्बिणीत तीच चूक ८ पटीपेक्षा जास्त छळते, कारण दुर्बीण चुकीलाही मोठं करते.

आमच्या गटातल्या एका शिक्षिकाबाईंनी पैसे साठवून अशी नाववाली दुर्बीण घेतली. दर फेरीनंतर त्यांचं डोकं दुखायचं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या, नवा चष्मा झाला, तरी दुखणं तसंच. बिचाऱ्या म्हणायला लागल्या की आता वय झालं. दुर्बीण पाहिली तर एक नळी चक्क खाली बघत होती. एवढं मोठं नाव आहे म्हटल्यावर दोष दुर्बिणीत असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही! मला राग येतो तो इथे. नाव मोठं असेल तर आपली अपेक्षाही मोठी हवी. आपण उलट करतो, नाव मोठं म्हणून विचारायचंच सोडून देतो.

तपासायचं कसं ते सांगते. दुकानाच्या बाहेर या. आतल्या ट्यूबलाइटमध्ये काही समजत नाही. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नका. दूरची एखादी आडवी रेघ शोधा, विजेची तार किंवा लांबच्या इमारतीच्या गच्चीचा कठडा. दुर्बीण आडवी सरळ धरा, फोकस करा, आणि मग तारेवरची नजर न काढता दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर पुढे न्या. दोन गोल सुटे दिसायला लागतील. दोन्ही गोलांत तार एकाच उंचीवर आहे का? एका गोलात ती वर आणि दुसऱ्यात खाली सरकली असेल तर तो नग परत द्या. "हे असंच असतं, मॅडम," असं कुणी म्हणालं तरी परत द्या.

एवढ्यावर थांबू नका. नळ्या बिजागरीवर मिटून जवळ आणा आणि पुन्हा पाहा. मग फाकवून लांब करा आणि पुन्हा पाहा. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ नग एकाच रुंदीवर जुळवलेले असतात. तुमच्या डोळ्यांतल्या अंतराला ते ठीक चालतात, आणि तुमची दहा वर्षांची मुलगी नळ्या जवळ करून पाहायला लागली की जोड फुटते. घरातली दुर्बीण एकटा माणूस वापरत नाही.

आणखी एक परीक्षा. दुर्बीण डोळ्यांना लावलेलीच ठेवून डोळे मिटा, दहापर्यंत मोजा आणि उघडा. पहिल्या क्षणी दोन तारा दिसल्या आणि मग सरकून एक झाली, तर समजा की औत धरणाऱ्याने जोर लावला. तिसरी गोष्ट चालीची. लांबच्या वस्तूवर डावा-उजवा डोळा डायॉप्टरने नीट लावून घ्या, मग पाच-सहा मीटरवरच्या पानावर फोकस करा आणि एकेक डोळा मिटून पाहा. एका डोळ्याला पान रेखीव आणि दुसऱ्याला धूसर दिसलं, तर एक बैल मागे राहतो आहे. असा नग घेऊ नका.

आता मधल्या किमतीत काय चालवून घ्यावं, तेही थोडक्यात. चित्राच्या कडा मऊ असतील. लाखाच्या दुर्बिणीसारखं काठापर्यंत रेखीव दिसणार नाही. चालेल. पांढऱ्या आभाळावर बसलेल्या कावळ्याच्या कडेला थोडी जांभळी झाक दिसेल, तीही चालेल. या दुर्बिणींत सहसा जो श्मिट-पेखान प्रिझम असतो, त्याच्या एका बाजूला आरशासारखा थर द्यावा लागतो. तो डायइलेक्ट्रिक असेल तर ९९ टक्क्यांहून जास्त प्रकाश परत येतो, ॲल्युमिनियमचा असेल तर बराच कमी. त्यामुळे सांजवेळी रातवा पाहताना फरक पडेल. पैशांच्या मानाने तोही सोसण्यासारखा आहे. पण जोड न जुळणं सोसण्यासारखं नाही. ते पंचवीस हजारांतही नाही आणि साठ हजारांतही नाही. मधली किंमत घेणाऱ्या कंपनीने बाकी सगळ्यात हात आखडावा, इथे आखडू नये. ज्यांनी हे शास्त्र घडवलं त्यांच्याकडून तरी ही अपेक्षा ठेवायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आपल्याकडे एक मोठी पंचाईत आहे. ही दुर्बीण पुष्कळांना दुकानात हाताळायलाच मिळत नाही. पुण्या-मुंबईबाहेर तर फार कठीण. मग ती कुरिअरने येते, वाटेत कुठे आपटली असेल ते कुणाला ठाऊक, आणि एका आपटण्यानेही प्रिझम जागचा हलू शकतो. किंवा भाऊ न्यू जर्सीहून येताना घेऊन येतो. भावाला सांगा, की बाबा रे, डबा सीलबंद आणू नकोस. तिथेच फोड, तिथेच तारेवर धरून पाहा आणि जुळत नसेल तर तिथल्या दुकानात बदलून घे. इथे आल्यावर ती वॉरंटी लागू होईलच असं नाही, आणि दुरुस्तीसाठी परत पाठवायची म्हणजे येण्याजाण्याचा खर्च आणि वर महिनोन्‌महिने वाट पाहणं.

कोकणातल्या श्रोत्यांसाठी पावसाळ्यात भिंगांवर धरणाऱ्या बुरशीबद्दलही बोलायचं होतं. कातडी पिशवीत ती कशी वाढते, सिलिका जेल किती दिवसांनी वाळवावं, हे सगळं. पण समोरचा घड्याळाचा काटा आता मला थांबायला सांगतो आहे, तेव्हा एवढंच म्हणते की दुर्बीण कातडी पिशवीत बंद करून ठेवू नका. बाकीचं पुन्हा कधीतरी.

आणि जे सांगायला आले ते आणखी एकदा. दुकानदार शोकेसमधली दुर्बीण दाखवेल, ती सुंदरच असेल, आणि बांधून देईल दुसरा डबा. त्याला थांबवा. तो डबा तिथेच उघडायला लावा, रस्त्यावर या, तार शोधा. परत करायची मुदत बिलावर लिहून घ्या, आणि ती संपायच्या आत एक अख्खी सकाळ त्या दुर्बिणीतून पाहण्यात घालवा. कपाळ दुखलं तर संकोच करू नका, दुर्बीण परत करून या.