मागच्या रांगेतलं व्हायोलिन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत. मला मात्र एक जादा अट आहे: "काहीही बोल, पण कॉम्प्युटरवर बोलू नकोस." ती अट मी शेवटी थोडीशी मोडणार आहे. माझा विषय आहे व्हायोलिन. जुन्या स्विंगवर डोलणारं, जॅझ आणि लोकसंगीत यांच्या मधोमध उभं राहिलेलं व्हायोलिन. आणि शेवटी एक मागणंही आहे, आपण शाळेसाठी जमवलेल्या निधीबद्दल.

आधी स्विंग म्हणजे काय ते सांगते. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या नाचाच्या बँडनी ही चाल लोकप्रिय केली. एका मात्रेचे दोन भाग करायचे, पण समान नाही. पहिला लांब, दुसरा आखूड. चार मात्रांत वजन द्यायचं दुसरीवर आणि चौथीवर. एवढ्यानंच ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलायला लागतो. सकाळच्या लोकलमध्ये डब्याच्या पत्र्यावर ठेका धरणारी भजनी मंडळी आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. त्यांचाही ठेका पट्टीनं आखल्यासारखा सरळ नसतो, त्याला हेलकावा असतो. तेव्हा ही गोष्ट आपल्या कानाला अगदीच परकी नाही.

१९३४ मध्ये पॅरिसमध्ये एक पंचक तयार झालं. जँगो राइनहार्ट हा रोमानी, म्हणजे भटक्या समाजातला गिटारवादक आणि त्याच्याबरोबर स्तेफान ग्रापेली हा व्हायोलिनवादक. एक व्हायोलिन, तीन गिटार, एक डबल बेस. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही. अमेरिकेचं स्विंग आणि भटक्यांचं लोकसंगीत एकत्र आलं आणि पुढे उभं राहिलं व्हायोलिन. व्हायोलिनच का? कारण त्याला पडदे नसतात. बोट दोन स्वरांच्या मध्ये कुठेही थांबू शकतं, घसरत जाऊ शकतं. जॅझवाल्यांना त्यातून त्यांचा किंचित उतरलेला, उदास स्वर मिळतो आणि आपल्याला मींड मिळते. वाद्य तेच असतं.

आता म्हणाल, पॅरिस कुठे आणि ठाणे-डोंबिवली कुठे! पण ही गाडी आपल्याकडे लवकर पोचली होती. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडप्रमुख आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. तो स्वतः व्हायोलिन वाजवायचा. त्या काळात मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजायला लागलं आणि ते पटकन उचललं गोव्याच्या वादकांनी. हॉटेलात रात्री वाजवणारे हेच वादक पुढे दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत दिसू लागले.

तिथे त्यांची गाठ पडली आपल्या माणसांशी. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर, पुणतांब्याचे. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणं शिकलेले. त्यांच्याबरोबर होता चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचा अंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवादक. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा नाचतात तेव्हा मागे स्विंग आहे आणि चाल मात्र तुमच्या-माझ्या आईला गुणगुणता येईल अशी आहे. चिक चॉकलेट तर बँडसकट पडद्यावरही दिसतो. पुणतांबे, गोवा आणि अमेरिका एका गाण्यात नांदत होते आणि कुणाला ते विचित्र वाटलं नाही.

हे घडत कसं होतं, ते इंजिनिअर म्हणून मला फार आवडतं. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा. ती ऐकून अरेंजर प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद लिहायचा. वादक समोरचा कागद बघून वाजवायचे. चाल एका परंपरेतली, लिपी दुसऱ्या परंपरेतली. मधला माणूस दोन्ही जाणणारा लागायचा. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव संगीतकाराचं. अरेंजरचं आलं तर 'सहाय्यक' म्हणून आणि मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यांचं बहुधा येतच नसे.

त्या रांगेतलं एक नाव तुम्हाला पाठ आहे, फक्त ते खऱ्या माणसाचं आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो ना, ते अँथनी गोन्साल्विस. १९२७ मध्ये गोव्यातल्या माजोर्ड्याला जन्मलेले व्हायोलिनवादक आणि अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल लहानपणी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ च्या त्या गाण्यातलं नाव ही शिष्यानं दिलेली गुरुदक्षिणा होती. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. सारंग, तोडी यांसारखे राग घेऊन पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्या वाद्यवृंदाबरोबर गायले. २०१२ मध्ये ते गेले.

आता माझा मुद्दा. हे एवढे वादक गोव्यातूनच का आले? रक्तात संगीत असतं वगैरे म्हणणं सोपं आहे. खरं कारण शाळा आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या गावशाळांत मुलांना लिहा-वाचायला शिकवत, तसंच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायलाही शिकवत. शेतकऱ्याच्या पोरालाही कागदावरचं संगीत वाचता यायचं. ते पोर मुंबईला आलं की त्याच्या हातात नोकरीची किल्ली असायची. मुंबईच्या सिनेसंगीताचा पाया असा एका गावशाळेच्या वर्गात घातला गेला.

आपल्या गावानंही व्हायोलिन पाहिलं आहे. गजाननबुवा जोशी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेले गायक आणि तितकेच मोठे व्हायोलिनवादक. त्यांची अखेरची वर्षं डोंबिवलीत गेली. १९८७ मध्ये ते गेले तेव्हा आपण दुसरी-तिसरीत होतो. गोव्याचा वादक व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. आपल्या बैठकीतला वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचं टोक पावलावर टेकवतो. तारा मिळवण्याची रीतही निराळी, आपल्याकडे सा आणि प यांच्या जोडीत. पण वाद्य शुद्ध कुणाचं, हा प्रश्न व्हायोलिनला विचारून उपयोग नाही. ते ज्याच्या हातात जाईल त्याचं होतं.

आता अट मोडते. व्हायोलिनच्या त्या रांगा रिकाम्या झाल्या त्यात माझ्या पेशाचा हात आहे. आधी सिंथेसायझर आला, मग सॉफ्टवेअर. आज लॅपटॉपवर तीस व्हायोलिनं एका माणसाला वाजवता येतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्विंग' नावाचं एक बटण असतं. ५० टक्क्यांवर ठेवलं तर मात्रेचे दोन्ही भाग समान. ६६ च्या आसपास नेलं की पहिला भाग दुसऱ्याच्या दुप्पट. पण जॅझ वादकांचं वाजवणं मोजून पाहिलं तेव्हा कळलं की ते एका आकड्यावर राहतच नाहीत. लय संथ असली की फरक वाढतो, लय वाढली की दोन्ही भाग जवळजवळ समान होतात. शेजारी कोण वाजवतंय हे ऐकत प्रत्येक जण आपलं प्रमाण बदलत असतो. बटण शेजाऱ्याचं ऐकत नाही.

म्हणून माझं मागणं. निधीतून आणखी दोन स्मार्ट बोर्ड घ्यायचे असं ग्रुपवर जवळजवळ ठरलंय. संगणकावर पोट असलेली मी सांगते, एकच घेऊ या. दुसऱ्याच्या पैशांत दहा-बारा शिकाऊ व्हायोलिनं येतील. मुलांच्या हाताला बसतील अशी अर्ध्या आणि पाऊण मापाची मिळतात. पण नुसती वाद्यं देऊन पाट्या लावायला माझा विरोध आहे, ती कपाटातच राहतील. निदान तीन वर्षं आठवड्यातून दोनदा येणाऱ्या शिक्षकाचं मानधन आपण बांधून दिलं पाहिजे. आणि शिकवायचं दोन्ही: आपले राग आणि कागदावरची स्वरलिपी. त्या मुलांपैकी किती वादक होतील माहीत नाही. पण शेजारी काय वाजतंय ते ऐकून आपली लय सांभाळणं त्यांना नक्की येईल. तेवढं मला पुरेसं आहे.

एका वर्गमित्रानं आधीच विचारलंय, "क्लास लावायचा तर मुलं बाहेर जातातच की!" जातात, ज्यांच्या आईबाबांना फी परवडते ती. आपल्या शाळेत आज येणारी बरीचशी मुलं त्यातली नाहीत, हे इथे बसलेल्या बाईंना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जेवणाच्या हॉलबाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. पटलं असेल तर नाव आणि वर्षाला किती देणार तो आकडा लिहा. पटलं नसेल तर तेही लिहा, जेवताना भांडू.