आबांचा रेडिओ का घरघरत होता?

आजचा भाग छोटा आहे, आणि खरं सांगू, थोडा माफीनाम्यासारखाही आहे.

२०१७ ची गोष्ट. धुळ्याच्या घरी मी कॉम्प्युटर जुळवला. प्रोसेसर, रॅम पारखून घेतले. पैसे संपत आले, म्हणून एसएमपीएस मात्र दुकानातला सगळ्यात स्वस्त उचलला. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला पंखेवाला डबा. घरातल्या २३० व्होल्टचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो.

शेजारच्या खोलीत आबांचा सेलवरचा रेडिओ. रोज संध्याकाळी आकाशवाणी जळगाव, मिडियम वेव्ह, ९६३ किलोहर्ट्झ. आबांची नजर अधू झालेली, त्यामुळे रेडिओ हाच त्यांचा पेपर. एक दिवस म्हणाले, "भाऊ, माले काहीच ऐकू येत नही." मी त्यांचे कान तपासून आणले. कान ठीक. नवा रेडिओ आणला. तरी घर्रर्र! शेवटी आबांनी रेडिओ लावणंच सोडलं.

चार महिन्यांनी एका संध्याकाळी लाइट गेली. अंधारात करमेना म्हणून आबांनी रेडिओ लावला, तर आवाज एकदम स्वच्छ! लाइट आली, तरी स्वच्छ. मी कॉम्प्युटर चालू केला आणि घर्रर्र परत!

झालं काय होतं? एसएमपीएस वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. समजा ६४ हजार वेळा, म्हणजे ६४ किलोहर्ट्झ. अशा झटक्यांतून त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट लहरीही निघतात. पंधरावी पट किती? ९६०. म्हणजे जळगाव केंद्राच्या अगदी दाराशी!

हा गोंगाट अडवायला चांगल्या एसएमपीएसमध्ये वीज आत येते तिथेच कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. स्वस्त मालात पैसे वाचवायला तोच गाळतात. कॉइलच्या जागी साधी तार जोडून देतात. कॉम्प्युटर व्यवस्थित चालतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. घरभरची वायरिंग मात्र त्या गोंगाटाची एरियल होऊन बसते. जळगावचा आवाज लांबून येणार, गोंगाट शेजारच्या खोलीतून. जिंकणार कोण?

तुम्ही म्हणाल, आमचा एफएम तर नीट वाजतो. बरोबर. मिडियम वेव्हमध्ये आवाज लहरीच्या उंचीत असतो, आणि गोंगाट नेमका तीच बिघडवतो. एफएमला त्याचा त्रास कमी.

मग करायचं काय? खिशातला मिडियम वेव्ह रेडिओ चालू करून चार्जर, एलईडी बल्ब, एसएमपीएस यांच्याजवळ न्या. घरघर वाढली की चोर सापडला. अर्थिंग तपासून घ्या, कारण फिल्टर गोंगाटाचा काही भाग अर्थमध्ये सोडतो. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नका! आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते. अॅडॅप्टरवर बीआयएसचा नंबर असणं चांगलंच, पण ती परीक्षा शॉक आणि आगीपासूनच्या सुरक्षेची आहे, रेडिओच्या गोंगाटाची नाही.

मी चांगला एसएमपीएस बसवला. घरघर गेली. दोन-अडीच हजारांचं काम होतं. त्यापायी आबांचे चार महिने मुके गेले, आणि मी दोष त्यांच्या कानांना दिला.

तुमच्याही घरात कुणी म्हणालं, ऐकू येत नाही, तर आधी आपला कॉम्प्युटर बंद करून बघा.

भेटू पुढच्या भागात!